राजकन्या राज्य बुडवते : हायाओ मियाझाकी यांना खुलं पत्र

प्रति,
श्री. हायाओ मियाझाकी,
स्टुडिओ घिब्ली, टोकियो



हे पत्र मराठीत आहे आणि ते तुमच्यापर्यंत पोचणार नाही, हे मला ठाऊक आहे. खुल्या पत्राची रीतच अशी, नाव एकाचं घालायचं आणि वाचायचं बाकीच्यांनी. तरी वर तुमचंच नाव घातलं, कारण कौतुक तुमचं आहे आणि तक्रारही तुमच्याकडेच आहे. विषय तुमचा ‘लापुता’, जगभर ‘कॅसल इन द स्काय’ म्हणून ओळखला जाणारा सिनेमा. २ ऑगस्ट १९८६ रोजी तो जपानात लागला. घिब्लीच्या नावाने आलेला तो पहिला सिनेमा. मी तो पाहिला तेव्हा चाळिशी उलटून गेली होती, म्हणजे ज्या वयासाठी तुम्ही तो केलात ते कधीच मागे पडलं होतं.

आमच्या पिढीची तुमच्या देशातल्या ॲनिमेशनशी ओळख नकळतच झाली. नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली लागायचा. शीर्षकगीत गुलजारांचं, भाषा हिंदी, जंगल इथलं. मालिका जपानी आहे असा संशय घ्यायचं कोणाला काही कारणच नव्हतं. ती निप्पॉन ॲनिमेशनने केलेली होती, आणि त्याच कंपनीत तुम्ही १९७८ साली ‘फ्यूचर बॉय कोनान’ केलीत, हे मला फार उशिरा कळलं. पुढे डोरेमॉन आला, शिनचॅन आला, तेही हिंदी बोलत. तुमचे सिनेमे मात्र २०२० साली नेटफ्लिक्सवर आले तेव्हा कुठे घरबसल्या मिळू लागले. ‘लापुता’ मी भाच्याबरोबर पाहिला. संवाद जपानी, खाली इंग्रजी अक्षरं पळताहेत, आणि ती वाचण्याइतका त्याचा वेग नाही. म्हणून शेजारी बसून मी मराठीत सांगत होते. असा सांगत सांगत सिनेमा पाहिला की एक होतं. कुठला संवाद पोकळ आहे ते लगेच कळतं, कारण तो सांगताना आपलीच जीभ अडखळते. तुमच्या सिनेमात माझी जीभ फार थोड्या ठिकाणी अडखळली. ती कुठे, ते पुढे येईलच.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. शीता नावाच्या मुलीच्या गळ्यात एक निळा दगड आहे. तो उजळला की माणूस हवेत तरंगतो. त्या दगडामागे एकीकडून सरकारी हेर मुस्का आणि फौज लागली आहे, दुसरीकडून डोला नावाच्या म्हातारीची हवाई चाच्यांची टोळी. पळताना शीता हवाई जहाजातून खाली पडते, तरंगत येते आणि एका खाणगावातला पोरका पाझू तिला झेलतो. दगड ज्या उडत्या, ओसाड राज्यातला आहे ते लापुता गाठायची मग शर्यत. शीता ही त्या राजघराण्याची वारस निघते. मुस्काही त्याच घराण्याच्या दुसऱ्या शाखेतला.

पाझू शीताला झेलतो तो प्रसंग घ्या. काळोखातून उजेड ल्यालेली मुलगी अलगद खाली येते. हातात येईपर्यंत तिला वजनच नाही. मग दगड विझतो, तिचं सगळं वजन एकदम त्या पोराच्या हातांवर येतं आणि तो तोल जाता जाता सावरतो. दुसऱ्या एखाद्या दिग्दर्शकाने इथे व्हायोलिनं सोडली असती आणि मुलाला तिच्याकडे टक लावून बघायला लावलं असतं. तुमच्याकडे मुकादम हाका मारतो. पाझू जादा वेळ थांबलेल्या मुकादमासाठी खाणं आणायला गेला होता, आणि आता त्याला खाणीच्या लिफ्टचं इंजिन सांभाळायचं आहे. जुन्या इंजिनाची वाफ गळते आहे, मुकादम ती थोपवण्यात गुंतला आहे, खालून माणसं वर यायची आहेत आणि ब्रेक या पोराच्या हातात आहे. तेव्हा तो मुलीला नीट निजवतो आणि कामाला लागतो. आभाळातून मुलगी पडली म्हणून शिफ्ट थांबत नाही. वर आलेले खाणकामगार सांगतात की आजही चांदीचा पत्ता नाही. एवढ्या दोन-चार मिनिटांत त्या गावाची सगळी परिस्थिती कळते, आणि ती कोणी समजावून सांगितलेली नसते.

हे गाव तुम्ही वेल्सवरून रेखाटलंत. ब्रिटनमधला १९८४-८५ चा खाणकामगारांचा संप संपल्यानंतर तुम्ही तिथे गेला होता. आपल्या कामासाठी आणि आपल्या वस्तीसाठी ती माणसं शेवटपर्यंत कशी झुंजली, याबद्दलचा आदर तुम्ही पुढे मुलाखतीत बोलूनही दाखवलात. आमच्याकडे जानेवारी १९८२ मध्ये मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरणगाव त्यातून पुन्हा उभं राहिलं नाही. त्या चाळींवर मराठीत कविता झाल्या, नाटकं झाली, सिनेमे झाले. पण लहान मुलांच्या साहसकथेत गिरणगाव आलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही. संपात हरलेलं गाव म्हणजे मोठ्यांचा, गंभीर चेहऱ्याने बोलायचा विषय, अशी आमची समजूत. तुम्ही ते गाव उचललंत आणि त्यात खुशाल मारामारी लावून दिलीत. चाचे मुलांच्या मागावर दारात येतात तेव्हा मुकादम आणि डोलाचा पोरगा छाती फुगवून, शर्टाची बटणं तोडून एकमेकांना दंड दाखवत बसतात. मुकादमाची बायको मागे उभी राहून विचारते, तो शर्ट आता शिवणार कोण? पोरांना मागच्या दाराने पळवून लावतेही तीच. भाचा दंडांवर हसला, मी शर्टावर.

पण सबंध सिनेमात मला सगळ्यात खरा वाटलेला क्षण हसण्यासारखा नाही. फौजेच्या किल्ल्यात शीताला ओलीस ठेवून मुस्का पाझूला वाटेला लावतो. शीता त्याचा जीव वाचावा म्हणून तोंडाने सांगते की सगळं विसर आणि जा. मुस्का त्याच्या हातावर तीन सोन्याच्या नाण्यांचा मोबदला ठेवतो. पोरगा अपमानाने जळत परत निघतो, वाटेत धडपडतो, नाणी हाताशी येतात, ती भिरकावून द्यायला हात उचलतो आणि तो हात तसाच राहतो. नाणी फेकवत नाहीत. गरिबाच्या पोराला सोनं फेकवत नाही, इतकं साधं आहे ते. हिंदी सिनेमातला नायक अशा वेळी नोटा तोंडावर फेकून निघून जातो आणि आम्ही टाळ्या वाजवतो. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कितीजणांनी त्या खरोखर फेकल्या असत्या देव जाणे. तुम्ही मुलांच्या सिनेमात नायकाला नाणी खिशात घालू दिलीत. घरी पोचतो तर घरात डोलाची टोळी त्याचंच अन्न खात बसलेली, आणि ती नाणी सापडल्यावर पोरगी विकलीस म्हणून त्याला टोचून बोलणारीही डोलाच. या टोचणीतून तो उभा राहतो. टोळीबरोबर शीताला सोडवायला निघण्यासाठी ती त्याला चाळीस सेकंद देते आणि तेवढ्यात तो कबुतरं सोडून देतो, कारण आता त्यांना दाणे घालायला कोणी असणार नाही.

डोलाबद्दल किती लिहू! वाड्यातली खाष्ट आजी, जिच्या हातून मार खाल्लेलं प्रत्येक पोर पुढे तिचंच नाव काढतं, ती गुलाबी वेण्या घालून हवाई जहाज चालवू लागली तर अशी दिसेल. ती लोभी आहे, खादाड आहे, पोरांवर खेकसते, आणि लपूनछपून ऐकलेल्या गोष्टीने विरघळते. रात्रीच्या पहाऱ्यावर पाझू आणि शीता वर टेहळणीच्या जागी बसून बोलताहेत आणि ही खाली बोलनळीला कान लावून सगळं ऐकते आहे. म्हाताऱ्या बाईला साहसकथेत एवढं काम देणारे दिग्दर्शक तेव्हाही थोडे होते, आजही थोडेच आहेत.

आणि याच जहाजावर तुम्ही मला पहिल्यांदा खट्टू केलंत. मुलं जहाजावर चढतात तशी पाझूची रवानगी इंजिनाकडे होते आणि शीताची स्वयंपाकघरात. तिथे खरकट्या भांड्यांचा ढीग पडलेला आहे. ती बाह्या सरसावते, ढीग आवरते, रांधते, आणि टोळीतले सगळे दांडगे पुरुष एकेक करून भांडी विसळायला मदत करू का म्हणत दारात येतात. प्रसंग गमतीचा आहे, मीही हसले. पण दोन वर्षं आधीच्या ‘नौसिका’त तुम्ही मुलीच्या हाती अख्ख्या खोऱ्याचं राजकारण दिलं होतंत, मग इथे परंपरेने चुलीकडे का वळलात? ‘तू इंजिनाजवळ जा आणि तू कांदे चीर’ हे सांगायला तुमची गरज नव्हती, ते आमच्याकडे घरोघरी सांगतात. पुढे पहाऱ्यावर शीता हट्टाने पाझूबरोबर टेहळणीच्या मोठ्या पतंगात बसते, एवढी भरपाई तुम्ही केलीत. पुरेशी वाटली नाही.

आवाजाबद्दल दोन शब्द. जो हिसाईशी यांचं संगीत लोक डोक्यावर घेतात, आणि पहाटे छपरावर पाझू वाजवतो ती तुतारी ऐकल्यावर का घेतात ते कळतं. मला त्याहून जास्त आवडल्या त्या संगीत नसलेल्या जागा. लापुतावर पोचल्यावर मुलं उठून बसतात तेव्हा वारा आहे, पक्षी आहेत, बस्स. डिस्नेने इंग्रजी आवृत्ती केली तेव्हा हिसाईशींकडून पार्श्वसंगीत नव्याने, वाढवून लिहून घेतलं. तिकडच्या प्रेक्षकाला शांतता जड जाईल अशी धास्ती त्यामागे होती. आमच्या मालिकावाल्यांना हे ऐकून बरं वाटेल. वाचकांना एवढंच सांगते, जपानीच बघा.

लापुता हे नाव तुम्ही जोनाथन स्विफ्टकडून घेतलंत. आमच्याकडे गलिव्हर म्हणजे लिलिपुट. ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’चा तिसरा भाग फारसा कोणी वाचत नाही. १७२६ सालच्या त्या पुस्तकातलं लापुता चुंबकदगडाच्या बळावर उडतं, आणि खालच्या एखाद्या शहराने बंड केलं तर राजा ते बेट आणून त्या शहराच्या डोक्यावर थांबवतो. ऊन बंद, पाऊस बंद. तरी ऐकले नाहीत तर वरून दगड, आणि अगदीच टोकाला गेलं तर बेटच त्यांच्यावर उतरवायचं. सत्ता वर राहते आणि खालच्यांचं आभाळ अडवते, ही कल्पना स्विफ्टची. तुम्ही ती सातशे वर्षं ओसाड पाडलीत, तिच्यावर झाड वाढवलंत आणि एक राखणदार यंत्रमानव ठेवलात. तो मुलांच्या दिशेने येतो तेव्हा भीती वाटते. पण त्याला फक्त त्यांचा पतंग उचलून बाजूला ठेवायचा असतो, कारण तो एका घरट्यावर पडलाय आणि खाली अंडी आहेत. किल्ल्यातलं अशाच एका यंत्राने केलेलं जळीत आपण थोड्याच वेळापूर्वी पाहिलेलं असतं. तेच हात. याच्यावर तुमचं कुठलंही पात्र भाष्य करत नाही याबद्दल शतशः आभार.

आता आमच्या घरच्या गोष्टीकडे येते. मुस्का लापुताचं अस्त्र चालवून दाखवतो, समुद्रावर आगीचा डोंगर उठतो, आणि तो सरदाराला सांगतो की जुन्या करारात सदोम आणि गमोरा जाळणारी ती हीच आग, आणि रामायणात हिलाच इंद्राचा बाण म्हटलंय. भाच्याने माझ्याकडे पाहिलं. “मावशी, रामायणात?” काय सांगणार! आमच्या रामाने रावणाला मारलं ते ब्रह्मास्त्राने, आणि इंद्राने पाठवला तो रथ आणि सारथी मातली. जगाचा मालक होऊ पाहणाऱ्या माणसाने दुसऱ्यांच्या पोथ्या अशाच अर्ध्यामुर्ध्या वाचलेल्या असतात, असा अर्थ लावून मी ते सोडून दिलं. रामायण नीट वाचलेल्या जपानी माणसाने काय केलं हेही आम्ही पाहिलेलं आहे. तुमच्याच देशातल्या युगो साको यांनी राम मोहन यांना बरोबर घेऊन १९९२ मध्ये केलेला रामाचा चित्रपट २०२५ च्या जानेवारीत इथल्या चित्रगृहांत पुन्हा लागला.

तुमच्या सिनेमाला आमच्याकडचा खरा शेजार रामायणात सापडत नाही. तो त्रिपुराच्या कथेत आहे. तारकासुराच्या तीन मुलांची तीन फिरती नगरं, सोन्याचं, चांदीचं आणि लोखंडाचं, मयाने बांधलेली. ती हजार वर्षांतून एकदा एका रेषेत येत आणि तेव्हाच एका बाणाने त्यांचा नाश व्हायचा होता. शंकराने तो बाण मारला. कार्तिकी पौर्णिमेला आम्ही देवळात त्रिपुर पाजळतो ते त्याचंच. उडती नगरी, तिच्यातला अहंकार आणि तिचा एका क्षणात नाश, हे सगळं आमच्या मुलांना दिव्यांसकट ठाऊक आहे. पण आमच्या कथेत नगरी असुरांची असते आणि नाश करणारा देव बाहेरून येतो. तुमच्या कथेत नगरी जिची, तीच ती बुडवते. देव कोणी येत नाही. आजीने झोपताना शिकवलेला, कधीही उच्चारू नकोस म्हणून बजावलेला एक मंत्र आणि दोन मुलांनी एकमेकांचा धरलेला हात, एवढ्यावर राज्य संपतं.

हे मला फार मोठं वाटतं, आणि यासाठीच हे पत्र लिहायला घेतलं. मुलांच्या साहसकथांची जगभरची चाल अशी आहे की हरवलेला वारस सापडतो आणि गादीवर बसतो. सिंह असो, राजपुत्र असो, जादूगार असो, शेवटी त्याचं त्याला मिळतं आणि प्रजा वाजतगाजत नाचते. आमच्याकडे तर वारशाचं वेडच. पूर्वजांकडे विमानं होती की नव्हती यावर आम्ही आजही हमरीतुमरीवर येतो. ती असती तर त्यांचं काय केलं असतं, हा प्रश्न मात्र त्या भांडणात कोणाला पडत नाही. शीतासमोर तो प्रश्न प्रत्यक्ष उभा आहे. तिच्या पूर्वजांकडे विमानंच काय, उडतं राज्य होतं. अस्त्रं होती. ते सगळं अजून चालू स्थितीत आहे आणि कायद्याने तिचं आहे. तिला ते चांगल्या कामासाठी वापरता येईल, असा मोह एकही पात्र तिला घालत नाही हे खरं. पण प्रेक्षकाच्या मनात तो येतोच. माझ्या आला. एवढं बळ आहे तर आधी मुस्काला उडव आणि मग नीट राज्य कर, असं मला मनातल्या मनात म्हणावंसं वाटलं. ती तसं करत नाही. खोऱ्यातल्या शेतावर याक सांभाळणारी मुलगी सिंहासनाच्या दालनात उभी राहून सांगते की मातीपासून तुटलेलं राज्य कितीही बलाढ्य असलं तरी मरतं. (माझी जीभ अडखळली ती इथेच. त्या भाषणात तिचा आवाज थोडा तुमचा होतो.) आणि मग ती ते राज्य पाडते.

तुम्हाला हा प्रश्न कुठून मिळाला याचा अंदाज बांधणं अवघड नाही. तुमचा जन्म १९४१ चा. तुमच्या घरच्या कारखान्यात झीरो लढाऊ विमानांची सुकाणू बनत. युद्धाच्या त्या दिवसांत घरात सुबत्ता होती ती त्या कारखान्यामुळे, आणि हे तुम्हाला जन्मभर टोचत आलं, हे तुम्ही लपवलेलं नाही. विमानांवर जीव, विमानांनी केलेल्या संहाराची लाज, आणि दोन्ही गोष्टी एकाच घरातून आलेल्या. ‘लापुता’च्या सुरुवातीच्या नामावलीत तुम्ही लाकडी ठशांसारख्या चित्रांतून उडत्या यंत्रांचा सगळा इतिहास दाखवता, पात्यांपासून तरंगत्या शहरांपर्यंत, आणि शेवटी माणसं पुन्हा जमिनीवर उतरताना. ती चित्रं काढणाऱ्या माणसाला उडण्याची भूल आहे हे कोणालाही दिसेल. म्हणून शीताचा निर्णय मला खरा वाटतो. ज्याला हवंय त्यानेच नाकारलेलं आहे.

आता माझी मोठी तक्रार. मुस्का फौजेला एका दालनात बोलावतो, बोलता बोलता पायाखालची जमीन उघडतो आणि माणसं खाली आभाळात पडतात. शेकडो. मग फौजेचं जहाज फुटतं आणि आणखी पडतात. उंचीवरून बघणाऱ्या मुस्काला ती कचऱ्यासारखी दिसतात आणि तो हसतो. त्याने हसावं, तो खलनायक आहे. पण तुमचा कॅमेरासुद्धा त्याच्याच उंचीवर राहतो! एकाही शिपायाचा चेहरा आपल्याला नीट दिसत नाही. आधीच्या दीड तासात हीच माणसं मूर्ख, लोभी, लुटालूट करणारी अशी रंगवलेली, म्हणून त्यांचं पडणं आपल्याला जड जात नाही. खाणगावातल्या मुकादमाचा शर्ट कोण शिवणार याची काळजी करणारा सिनेमा त्या शिपायांच्या घरी कोण वाट बघतंय हे विचारत नाही. भाच्याने विचारलं, ते सगळे मेले का? मी हो म्हटलं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, पण कोणी रडलं नाही. मला यावर उत्तर सुचलं नाही, आणि ते सिनेमात शोधूनही सापडलं नाही.

याच तक्रारीचं दुसरं टोक मुस्का. तो आतून-बाहेरून काळा आहे, चष्म्यासकट. दुष्टपणा सगळा एका माणसात भरून ठेवला की वारसा नाकारणं सोपं होतं: तो वाईट, आपण चांगले, पाडा राज्य. शिवाय राज्य पाडूनही मुलांच्या पदरचं काही जात नाही. अस्त्रांचा खालचा भाग कोसळतो, झाड आणि बाग तेवढी शाबूत राहून वर वर निघून जातात, आणि झाडाच्या मुळांनी मुलांना झेललेलं असतं. मरायच्या तयारीने मंत्र म्हटलेल्यांना तुम्ही जिवंत सोडलंत, याचा मला आनंदच आहे. मुलांचा सिनेमा आहे. तरी ही सवलत आहे, हे म्हणायला हवं.

ही तक्रार तुमचीही असावी, असं तुमचे नंतरचे सिनेमे बघताना वाटत राहतं. १९९७ च्या ‘प्रिन्सेस मोनोनोके’तली एबोशी जंगल तोडते आणि महारोग्यांना आसराही देते, तिला मुस्का म्हणता येत नाही. २०१३ च्या ‘द विंड रायझेस’मध्ये तुम्ही झीरो विमानाचे रचनाकार जिरो होरिकोशी यांनाच नायक केलंत आणि स्वप्न सुंदर, विमानं सुंदर, पण परत एकही आलं नाही, इथे आणून थांबलात. आणि २०२३ चा ‘द बॉय अँड द हेरॉन’ तर ‘लापुता’च पुन्हा, सदतीस वर्षांनी. पुन्हा एक वारस, पुन्हा एक अद्भुत जग, पुन्हा ते सांभाळायला ये म्हणणारा पूर्वज. पोराचे वडील पुन्हा विमानांचे भाग बनवणारे. माहितो नकार देतो, पण त्याचं कारण पाहा. स्वतःच्या डोक्यावर स्वतःच दगडाने केलेल्या जखमेकडे बोट दाखवून तो म्हणतो की खोट माझ्यातही आहे, मला हे जग हातात घेता येणार नाही. १९८६ साली मुस्कात बंद करून ठेवलेली खोट तुम्ही शेवटी नायकाच्या कपाळावर आणलीत. कलाकृती म्हणून हा सिनेमा ‘लापुता’पेक्षा मोठा असेल, ऑस्करही त्याला मिळालं. पण दहा वर्षांच्या मुलाला त्यातलं किती झेपेल? ‘लापुता’ त्याला पूर्ण झेपतो, आणि हा काही कमी गुण नव्हे. गादीवरून आठवलं, तुमचे चिरंजीव गोरो यांनीही एकट्याने स्टुडिओचा भार उचलायला नकार दिला आणि २०२३ मध्ये घिब्ली निप्पॉन टीव्हीच्या छत्राखाली गेला. घराण्याला ही सवय दिसते.

तुमच्या देशात ‘लापुता’ टीव्हीवर लागला की मुलं मंत्र उच्चारतात त्या क्षणी लाखो लोक तोच शब्द एकदम ट्विटरवर (आताच्या एक्सवर) टाकतात. ऑगस्ट २०१३ मध्ये त्यामुळे एका सेकंदात १,४३,१९९ ट्वीट पडले आणि विक्रम झाला. गंमत म्हणून ठीक आहे. पण त्या मुलांनी एकमेकांचा हात धरून म्हटलेला शब्द असा उत्सवी झालेला पाहून मला त्रिपुरी पौर्णिमेचे फटाके आठवले. नाशाचा सण व्हायला सगळीकडे सारखाच वेळ लागतो, असं दिसतंय.

वाचकांपैकी जे आई-वडील, मामा-मावशी असतील त्यांनी हा सिनेमा आठ-नऊ वर्षांपुढच्या मुलांना दाखवावा, आणि स्वतः शेजारी बसावं. दोन तास चार मिनिटांचा आहे. शिपाई पडतात तिथे पोर काही विचारेल, तेव्हा पुढे ढकलू नये.

आणि मियाझाकीसाहेब, शेवटचा परिच्छेद तुमच्या नावावर इथल्या लोकांसाठी आहे. मराठी सिनेमा, मराठी वाहिन्या आणि मराठीत डबिंग करणारे यांना विनंती की घिब्लीशी बोला, हक्क मिळत असतील तर घ्या आणि ‘लापुता’ला मराठी आवाज द्या. दक्षिणेतले मारधाडीचे सिनेमे मराठीत बोलू शकतात तर पाझूही बोलेल. मुलांना खालची इंग्रजी अक्षरं वाचत धावावं लागू नये, आणि दर वेळी सांगायला मावशी मोकळी असेलच असं नाही. शब्द साधे ठेवा, गप्प जागांवर संगीत भरू नका. डोलाच्या आवाजाची चिंता करू नका. त्या तोडीच्या खणखणीत नट्या मराठी रंगभूमीवर हव्या तेवढ्या आहेत.

कळावे,
आपली,
एक मराठी प्रेक्षक